पोनिरानचं घर खांद्यावर

आमच्या वातुगायाम गावात जमीन कुणाची आणि तिच्यावरचं घर कुणाचं, हे दोन वेगळे प्रश्न असतात. घराचे सागवानी खांब दगडांवर नुसते टेकवलेले. कौलं उतरवा, भिंतींच्या फळ्या काढा, खांबांना आडवे बांबू बांधा आणि गावातले गडी बोलवा. घर उठतं आणि चालायला लागतं. बाप गेला की एका भावाला भाताचं खाचर मिळतं, दुसऱ्याला घर, आणि हा दुसरा आपलं घर उचलून बायकोच्या जागेत नेऊन ठेवतो. पोनिराननं तेच केलं होतं. त्याच्या बापाचं घर लेगिनाच्या आईच्या वाडीत येऊन उभं राहिलं. आईमागे जमीन लेगिनाची, घर त्याचं, आणि संसार बरा चालला होता. तो होला, तो कबुतराच्या जातीचा पक्षी, घरात येईपर्यंत.

ही दोघं आमचे शेजारी. मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण, त्यामुळे त्यांच्याकडचं मला काही मुद्दाम विचारावं लागत नसे. मी तेव्हा सामिजानशी लग्न करून नुकतीच गावात आले होते. लेगिनाला मी यू म्हणायचे, म्हणजे ताई, आणि पोनिरानला कांग, म्हणजे दादा. त्यांची एकुलती लेक वार्सिनी लग्न होऊन नदीपलीकडे नांदत होती. पोनिरान भावाच्या खाचरात वाट्यानं भात पिकवायचा आणि लेगिना तेंपे करायची. सोयाबीन शिजवून केळीच्या पानात बांधायचं, आंबवायचं आणि बाजाराच्या दिवशी पाठीवर टोपली बांधून विकायला न्यायचं. या तेंपेच्या कमाईतून तिनं एक कालवड घेतली होती. तपकिरी रंगाची, लांब पापण्यांची. गोठ्यात गेली की लेगिना तिच्याशी माणसासारखी गप्पा मारायची, आणि नवऱ्यापेक्षा जास्त मारायची, असं पोनिरानचं म्हणणं.

एका बाजाराच्या दिवशी लेगिना परत आली तर गोठा रिकामा. ओसरीवर पोनिरान मान वर करून बसलेला, आणि वाशाला टांगलेल्या पिंजऱ्यात एक करडा होला.

"कालवड कुठाय?"

"अगं, आधी हे बघ तरी."

"हे दिसतंय मला. कालवड कुठाय?"

"लेगिना, हा साधा होला नाहीये. पायाचे खवले बघ याचे. हा ज्याच्या घरात घुमतो त्याच्या घरात बरकत येते. तो व्यापारी तर कालवडीच्या बदल्यातही द्यायला तयार नव्हता, मीच मागे लागलो."

"घुमला का?"

"जागा नवीन आहे. लाजतोय."

"माझी कालवड लाजत नव्हती. रोज शेण तरी टाकत होती."

मी कुंपणाआड तोंडावर ओढणी धरून हसले. मला वाटलं, दोन दिवसांत मिटेल. पण होला काही घुमेना. पोनिरान त्याला निवडलेले दाणे घाली, सकाळी उन्हात ठेवी, स्वतःच घुमून दाखवी. आणि लेगिना रोज ताट वाढताना विचारी, "काय म्हणतेय बरकत?"

शेवटी एका दुपारी ओसरीवर त्याचे दोस्त कॉफी प्यायला जमले होते. माझा नवराही त्यात होता. कुणीतरी पक्ष्याची चौकशी केली. लेगिना कप ठेवता ठेवता म्हणाली, "आमच्या घरात आता दोन मुके झालेत. एक पिंजऱ्यात बसतो, एक पिंजऱ्यासमोर."

सगळे खो खो हसले. पोनिरान तांबडालाल झाला. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तलाक. दिला तुला तलाक."

हसणं थांबलं. लेगिनानं हातातलं तबक शांतपणे खाली ठेवलं.

"बरं. मग माझ्या जमिनीवरून ऊठ."

"तू माझ्या घरातून बाहेर हो."

ती पायरी उतरून अंगणात गेली. तो ओसरीवरच बसून राहिला. आता ती त्याला घरातून काढू शकेना, तो तिला अंगणातून हलवू शकेना. सामिजान सांगत होता, आम्ही कॉफी तशीच टाकली आणि मागच्या बाजूनं पळालो.

मशिदीचे मोदिन, जे गावातली लग्नं लावतात आणि मयतंही करतात, ते समजवायला आले. "रागातलं बोलणं आहे. तीन महिन्यांची मुदत असते. तोवर तोंडानं 'परत घेतली' म्हटलंस की झालं, पोनिरान."

"तिनं आधी माफी मागावी."

"यू लेगिना?"

"कालवड आणून बांधा, मग बोलू."

मुदत सरली. दोघंही हट्टाला पेटलेले. मधल्या काळात लेगिना मागच्या स्वयंपाकघरात झोपायची आणि तो पुढे घरात, आणि एक गोष्ट माझ्या कानाला फार टोचायची: ती त्याला आता 'आपण' म्हणत होती, परक्या पाहुण्याला म्हणतात तसं. "आपल्या गाईला..." नव्हे, गाय तर नव्हतीच. "आपल्या पक्ष्याचं पाणी संपलंय," असं. जन्मभर एका ताटातलं खाल्लेल्या माणसाला 'आपण' म्हणण्याइतकी मोठी शिवी आमच्याकडे नाही.

मग मुखिया आले, गावातली जाणती माणसं आली आणि वाटणी झाली. जमीन तिची. विहीर जमिनीत, म्हणून विहीर तिची. आंबा, फणस, नारळ मुळांनी जमिनीला धरून, म्हणून तेही तिचे. घर त्याचं, नांगर त्याचा. स्वयंपाकघर मात्र लग्नानंतर दोघांनी मिळून बांधलेलं. त्यावर बराच घोळ झाला. शेवटी मुखिया म्हणाले, "चूल कापता येत नाही. स्वयंपाकघर बाईला द्या, मोठा पलंग पोनिरानला."

"एकटा माणूस मोठा पलंग घेऊन काय करणार?" कुणीतरी विचारलं.

"पिंजरा ठेवतील," लेगिना म्हणाली.

घर न्यायचा दिवस ठरला. चांगला दिवस बघूनच ठरवला. मोडतानाही आम्ही दिवस चांगला बघतो. पोनिरानचा थोरला भाऊ दार्मो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, त्यानं आपल्या अंगणातली जागा दिली होती. आदल्या दिवशी कौलं आणि फळ्या बैलगाडीतून गेल्या. सकाळी गावातला धडधाकट म्हणावा असा प्रत्येक पुरुष हजर झाला, आणि तिथेच पेच पडला. घर उचलायला येणाऱ्यांना जेवू घालावं लागतं. जेवण घालायचं घरमालकानं. आणि घरमालकाकडे चूल नव्हती.

पोनिरान डोकं खाजवत उभा. गडी एकमेकांकडे बघतायत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धूर निघाला. मी आत गेले तर लेगिना भल्या मोठ्या कढईत कोवळा फणस नारळाच्या दुधात शिजवत होती. परातभर तेंपे तळून तयार. डोळे लाल होते, पण चूल ओल्या लाकडांची होती, तेव्हा मी काही बोलले नाही.

"यू, तुझंच घर चाललंय आणि तू..."

"माझं नाही, त्याचं. पण अंगण माझं आहे, पार्ती. माझ्या अंगणातून कुणी उपाशी गेला असं उद्या बाजारात ऐकू आलं तर मी तेंपे कुठल्या तोंडानं विकू? नारळ खव."

म्हणून मी नारळ खवला. बाहेर हाळी झाली, सगळ्यांनी एकदम खांदा दिला आणि घर दगडांवरून उठलं. नुसता सांगाडा आणि वरचा डोलारा, खाली माणसांचे पायच पाय. जणू एखादा प्रचंड किडा झोपेतून उठून निघाला. फाटकाशी आंब्याच्या फांदीत अडकलं. आतून ओरड, बाहेरून ओरड, कुणाचंच कुणाला कळेना. लेगिना उलथनं घेऊनच धावली.

"डावीकडे घ्या! डावीकडे! सामिजान, तुझी डावी कुठली तेही कळत नाही का? मागचा खांब सांभाळा, त्याला चीर आहे! आता वाका. सगळे वाका!"

सगळे वाकले. घर फांदीखालून निघालं आणि रस्त्याला लागलं. पोनिरान पिंजरा हातात घेऊन मागून चालला होता. दार्मोकडे घर टेकवून गडी जेवायला परत लेगिनाकडेच आले, आणि ठेचा संपेपर्यंत जेवले. पोनिरान आला नाही. लेगिनानं पानाचं एक पुडकं बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "दार्मोकडे देऊन ये. म्हणावं, आपलं राहिलं होतं."

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे बसले. घर होतं तिथे आता चौकोनी टणक जमीन आणि ओळीनं दगड. ती त्यातल्या एका दगडावर बसली होती, बरोबर जिथे त्यांचा पलंग असायचा.

"केवढं आकाश आहे गं इथे," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

मग पहिल्यांदा रडली. मीही रडले. मला खरं तर रडायचं काही कारण नव्हतं, पण तिला एकटीला रडू द्यायचं कसं?

दुसऱ्या दिवसापासून मात्र ती कामाला लागली. स्वतःच्याच बनातले बांबू तोडले. आम्ही बायकांनी मिळून चटयांच्या भिंती विणल्या, बाप्यांनी पुन्हा येऊन छप्पर चढवलं. आणि तिनं घर बांधलं ते जुन्या जागी नाही, पुढे, थेट रस्त्याला लागून. रस्त्याकडे एक मोठी खिडकी ठेवली. "मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, खिडकी कुठे हवी," ती म्हणाली. त्या खिडकीतून ती गरम तळलेले तेंपे विकू लागली. शेतावर जाणारे, शेतावरून येणारे, सगळे थांबायचे. बाजारात पाठीवर टोपली वाहायची गरजच संपली. महिन्या-दोन महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर तकाकी आली. हे मी सांगतेय असं नाही, गावातले दोन विधुर सांगत होते आणि रोज तेंपे खात होते.

तिकडे पोनिरानचं बिनसत चाललं होतं. दार्मोची बायको तुकियेम म्हणजे तोफ. कापणी झाली, भात वाळवायला काढलं, तर अंगणाच्या मधोमध दिराचं घर आणि सगळं ऊन त्याच्या छपरावर. सावलीत भाताला मोड यायला लागले. तुकियेम अंगणात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलायची.

"लोकांचे दीर येतात ते केळी घेऊन येतात. आमचा घर घेऊन आला!"

त्यातच एका सकाळी तिनं भात पसरताना पिंजऱ्याला धक्का दिला, दार उघडलं आणि होला उडाला. जाऊन समोरच्या नारळावर बसला आणि घुमला. तिथे बसून असा घुमला म्हणता, की लोक शेतातून मान वर करून बघायला लागले. मग गेला तो गेलाच. पोनिरान झाडाखाली कितीतरी वेळ तोंड उघडं ठेवून उभा होता. तुकियेमलाही त्याची दया आली. पण घर हलवायला तिनं सांगितलंच.

कुठे हलवणार? आमच्याकडे मोकळी जागा म्हणजे शेत, आणि शेतात घर ठेवलं तर खायचं काय? मुखियांनी दफनभूमीच्या कडेचा तुकडा देऊ केला. पोनिरान म्हणाला, मला चालेल. पण घर वाहून नेणारे म्हणाले, आम्हाला नाही चालणार. सामिजाननं तर स्पष्ट विचारलं, "कांग, तुझं घर आहे की नवरीची डोली? दर हंगामाला उचलायची?"

एक दिवस मी लेगिनाच्या खिडकीशी बसले होते. पोनिरान आला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला.

"काय देऊ आपल्याला?" लेगिनानं विचारलं.

"तेंपे. दोन."

तिनं दिले. त्यानं तिथेच उभ्यानं खाल्ले, फार हळू.

"परसात जागा आहे असं ऐकलं."

"कुणासाठी?"

"घरासाठी."

"आणि घरात कोण राहणार?"

"त्याचं काय, तो घराबरोबरच येतो."

मला वाटलं, ती आता उलथनं फेकणार. पण तिनं कढईतले तेंपे उलटले, आच कमी केली आणि व्यवहाराचं बोलल्यासारखं बोलली. "दुसऱ्याच्या जमिनीवर घर टाकायचं म्हणजे कूळ म्हणून राहायचं. अंगण झाडायचं, विहिरीचं पाणी शेंदायचं, कुंपण नीट ठेवायचं. चालेल आपल्याला?"

"चालेल."

"आणि पक्षी आणायचा नाही."

"नाही आणणार."

झालं. पुन्हा चांगला दिवस, पुन्हा बांबू, पुन्हा हाळी. गडी दात-ओठ खात होते, पण जेवण लेगिनाच्या हातचं म्हटल्यावर कुणी मागे राहिला नाही. घर परत आपल्याच जुन्या दगडांवर येऊन बसलं. फक्त पुढे आता लेगिनाचं बांबूचं घर होतं, आणि हा मागे कूळ.

कूळ मात्र चांगलं निघालं. पहाटे झाडूचा आवाज मला कुंपणापलीकडून ऐकू यायचा. सोयाबीनच्या पोत्यांना तिनं हात लावायच्या आधीच ती पोती त्यानं घरात नेऊन ठेवलेली असायची. बोलणं मोजकंच. "पाणी भरलं." "बरं." "कुंपणाला दोन बांबू लागतील." "घ्या आपण." एकदा तिला ताप आला तर खिडकीत हा बसला. मीठ जास्त, तेंपे करपलेले, पण गिऱ्हाईक एक परत गेलं नाही. सगळ्यांना बघायचंच होतं.

आता गाव म्हटलं की तोंडं आली. तलाक झालेली दोघं एका आवारात, एका विहिरीवर. मोदिन पुन्हा आले आणि अंगणाच्या मधोमध, म्हणजे दोन्ही घरांना ऐकू जाईल असं उभं राहून म्हणाले, "हे बरं दिसत नाही. एकतर लग्न करा, नाहीतर घर हलवा."

घर हलवा हे दोन शब्द गावात वणव्यासारखे पसरले. त्याच दुपारी झाडून सगळे गडी लेगिनाच्या खिडकीशी जमले. पुढे माझा नवरा.

"यू लेगिना, आम्ही विनंती करायला आलोय."

"कसली?"

"लग्न करून टाक. आमच्या खांद्यांकडे बघ." आणि सामिजाननं खरंच सदरा उतरवून खांदा दाखवला.

मी लाजेनं मेले. लेगिना आधी रागावली, मग तिचं तोंड वाकडं झालं, आणि मग ती इतकी हसली की तिला कढई खाली उतरवावी लागली. हसणं ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "लग्न काय तुमच्या खांद्यांशी करायचंय? ज्याला करायचं त्याला बोलता येतं ना?"

गर्दी दुभंगली. मागे पोनिरान उभा होता, हातात पाण्याची बादली. त्यानं ती खाली ठेवली.

"मला करायचंय," तो म्हणाला.

"मेहेर काय देणार?"

"तू सांग."

"घर."

लग्नात नवऱ्यानं बायकोला मेहेर द्यायचा असतो, आणि एकदा दिला की तो तिचा, कायमचा. कुणी कापड देतं, कुणी कानातलं. घर कुणी दिल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं.

"बापाचं घर आहे ते, लेगिना," तो हळूच म्हणाला. "दुसरं काही नाही माझ्याकडे. ते दिलं तर मी कोण राहिलो?"

"मला ते विकायचं नाही, मोडायचं नाही. तू त्यातच राहा, त्यातच म्हातारा हो. मला एवढंच पाहिजे, की पुन्हा कधी तुझं डोकं फिरलं तर तू पायी जाशील. घर घेऊन जाणार नाहीस."

तो बादली उचलून मागे गेला. दोन-तीन दिवस झाडूचा आवाज येत राहिला, पण माणूस कुणाला दिसला नाही. मी एकदा कुंपणातून पाहिलं तर खांबाला पाठ लावून बसला होता. चीर पडलेला खांब. त्यावरून हात फिरवत होता. लेगिनाला मी सांगितलं. ती म्हणाली, "बसू दे. लहान गोष्ट मागितलेली नाही मी." पण त्या दिवशी तिचेही तेंपे करपले.

मग एका सकाळी तो आंघोळ करून, काळी टोपी घालून मोदिनांच्या दारात जाऊन उभा राहिला.

लग्न छोटंसं झालं. वार्सिनी पोराला कडेवर घेऊन आली, आईबापांकडे बघून "लाज नाही वाटत तुम्हाला" म्हणाली आणि लगेच दोघांच्या पाया पडली. मोदिनांनी मेहेर मोठ्यानं वाचून दाखवला, खांब, तुळया, फळ्या, कौलांसकट, आणि पोनिराननं एका दमात "कबूल" म्हटलं. सगळ्यात मोठ्यानं आमीन कोण म्हणालं ते सांगायला नको. भात, कोंबडी, अंडी केळीच्या पानावर आली. मोठा पलंग दार्मोकडे राहिला होता, तो तुकियेमनं स्वतः गाडीत घालून पाठवला.

ती दोघं पुढे खूप वर्षं राहिली. मागच्या घरात झोपायची, पुढच्या घरात तेंपे विकायची. भांडणं थांबली असं मी म्हणणार नाही. कुंपण तेच होतं, मला ऐकू यायचं. अधूनमधून पोनिरान चटई काखोटीला मारून तणतणत निघायचा आणि भावाकडे जायचा. तुकियेम त्याला लांबूनच येताना बघायची आणि कमरेवर हात ठेवून ओरडायची, "एकटाच आहेस ना? मागून घर तर येत नाही ना?"

नाही म्हणाला की ती त्याला बसायला सांगायची, चहा द्यायची. आणि जेवणाच्या वेळेला तो आपला आपण घरी यायचा.